‘तू तशी दिसत नाहीस’, म्हणजे कशी?

‘अगं, तू त्यांच्यातली वाटत नाहीस!’ कॉलेजात, हॉस्टेलवर, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या पोरींना हे ऐकावे लागते. बोलणारा कौतुक म्हणून बोलतो. आम्ही त्याला शिवीच म्हणतो. कारण ‘त्यांच्यातली’ कशी असते हे त्याच्या डोक्यात आधीच पक्के आहे : काळी, नकटी, गबाळी.

ज्यांना हे ‘कौतुक’ मिळत नाही त्यांना थेट डांबर, कावळा, काळ्या. ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतील कलम ३(१)(एस) प्रमाणे लोकांसमक्ष जातीच्या नावाने शिवीगाळ करणे गुन्हा आहे. म्हणून हुशार मंडळी जातीचे नाव घेत नाहीत, कातडीचे घेतात. तक्रार करावी तर ‘मस्करी होती, तूच फार मनाला लावून घेतेस’. मग वीस वर्षांची मुलगी ग्रुप फोटोत मागे सरकते, गॅदरिंगला नाव देत नाही, तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तरही पुटपुटते. मुलगे तर हे कुणाजवळ बोलतही नाहीत. शिकवणारे शेरा मारतात, आत्मविश्वास कमी आहे. तो काढून कुणी घेतला?

नाकाडोळ्यांवरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा उद्योग जुना आहे. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची मापे घेऊन जातींचा दर्जा नाकाच्या रुंदीशी जोडला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकाच्या मापांचेच आकडे मांडून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत.

हा ग्रंथ कपाटात असलेल्या घरांतले बायोडाटे मात्र काढून बघा. वर तथागतांचा फोटो, खाली ‘वर्ण : गोरा’, अपेक्षा ‘गोरी, सडपातळ’. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ‘वर्ण’ नावाचा रकाना! (शब्द तरी दुसरा शोधायचा.) १९७५ पासून गोरेपणा विकणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’लासुद्धा २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढावा लागला. कॉलेजात ‘काळी’ ऐकून आलेल्या पोरीला घरी आत्या प्रेमाने बेसन-हळद लावायला सांगते, तेव्हा त्या शिवीवर घरचाही शिक्का बसतो. मग दाद मागायची कुणाकडे?

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, येत्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म छापायला जाण्याआधी आयोजकांना गाठा. रंगाचा रकाना काढायला लावा. कुणी विचारेलच, मग मुलगी पसंत कशी करायची? फोन नंबरचा रकाना आहे ना, बोलून बघा म्हणावे.