तयार मॉडेल नको, बारा पिनांचा स्विच हातात द्या



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की तयार मॉडेलांची खरेदी सुरू होते. ज्वालामुखी, पवनचक्की, ट्रॅफिक सिग्नल. पालक पैसे मोजतात, मूल टेबलामागे उभं राहून पाठ केलेलं बोलतं आणि आपण गुण देतो. कार्यानुभवाचा तास कागदी फुलांत संपतो, तो वेगळाच विषय. माझं मत असं की पाचवीच्या मुलांना त्याऐवजी एक रोटरी स्विच द्यावा आणि त्याचा बोर्ड आखायला लावावं.

रोटरी स्विच म्हणजे खटखट फिरणारा स्विच. मिक्सरला असतो, पंख्याच्या रेग्युलेटरला असतो. घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी हौशी मंडळी तो मोबाईल, रेडिओ की माइक, काय ऐकायचं हे निवडायला लावतात. विरारहून लोकलने निघून दादरला स्लो गाडी धरली की ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तिथे हे सगळं सुटं मिळतं.

आता हा स्विच उलटा करून बघा. बाहेरच्या वर्तुळात बारा पिना, अगदी घड्याळासारख्या, म्हणजे दोन पिनांमध्ये ३० अंश. आतल्या बाजूला एक, दोन, तीन किंवा चार पिना. आत एक असेल तर १२ जागा, दोन असतील तर प्रत्येकी ६, तीनला ४, चारला ३. बाराचे विभाजक फळ्यावर कितीदा लिहितो आपण! इथे ते बोटांनी मोजता येतात. डाव्या-उजव्या दोन स्पीकरसाठी दोनवाला घेतात, म्हणून सहा साधनं जोडता येतात.

पण मग बारा तारा आत, दोन बाहेर, शिवाय ग्राउंड. एवढ्या तारा एकेका पिनेला जोडल्या की जंगल होतं. एक तुटली तर कुठली ते सापडत नाही. म्हणून बोर्ड. स्विचच्या पिना बोर्डाच्या भोकांत बसतात आणि तारांचं काम तांब्याच्या पट्ट्या करतात. मात्र स्विचचा नट पुढच्या पॅनलवर नीट आवळायला हवा, नाहीतर नॉब फिरवताना सगळा जोर सोल्डरवर येतो.

दुकानात मिळणाऱ्या साध्या झिरो पीसीबीवर हा स्विच का बसत नाही, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. उत्तर सांगू नका. चौकटींच्या वहीत एका कोपऱ्यावर कर्कटक टेकवून सहा घरं त्रिज्येचं वर्तुळ काढायला लावा, मग कोनमापकाने दर ३० अंशांवर खूण. बारा, तीन, सहा, नऊ वाजताच्या खुणा बरोबर कोपऱ्यावर पडतात. उरलेल्या आठ थोडक्यात हुकतात. झिरो पीसीबीची भोकं २.५४ मिलिमीटरवर चौकोनात असतात, पिना गोलात, आणि म्हणून या स्विचला खास बोर्ड लागतो. हे मुलाने स्वतःच्या वहीत पाहिलं की त्याला पाठ करावं लागत नाही.

“आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स कुठे येतं?” असं काही शिक्षक म्हणतील. मला इथेच खरं बोलायचंय. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत काम करणारे पालक आपल्याच वर्गांतल्या मुलांचे आईवडील आहेत. त्यांतल्या कुणाच्या हाताला रोजचं सोल्डरिंग असतं. पालकसभेत ते मागच्या बाकावर बसतात, आणि त्यांचं मूल विकतचं मॉडेल आणू शकलं नाही म्हणून प्रदर्शनात मागे पडतं. घरात एवढं कसब असताना! एक तास त्यांना फळ्यापुढे उभं करा. आपल्या आईने टाका कसा चकचकीत दिला हे वर्गाने पाहिलं, तर त्या मुलाची मान कशी ताठ होईल बघा.

सोल्डरिंग मोठ्यांनीच करावं. सोल्डरमध्ये शिसं असतं, खिडक्या उघड्या ठेवा, नंतर हात धुवा. मुलांनी आखावं, मोजावं, मल्टिमीटरची बीप ऐकून कुठली पिन कुठे जोडली ते शोधावं. घरच्या विजेला कुणीही हात लावायचा नाही. पीएएम ८४०३ चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर पाच व्होल्टवर चालतो, पॉवर बँक पुरते.

पालकांना बोलावताना वहीत निरोप लिहू नका, फोन करा. त्यांची पाळी विचारून घ्या. रात्रपाळीवाल्यांना शनिवारची सकाळची शाळा जमू शकते.