बोटीवर ड्रिलचे बूट नकोत

रविवारच्या सेलिंगला आपल्यातले बरेच जण ड्रिलचे बूट नाहीतर रबरी चप्पल घालून येतात. माझ्या मते दोन्ही नकोत. चामड्याच्या बुटात पाणी शिरलं की तो जड होतो, आणि ओल्या नाडीची गाठ पाण्यात लवकर सुटत नाही. चप्पल तर बोट उलटताच तरंगत निघून जाते. अनवाणी छान वाटतं, पण क्लीटवर अंगठा आपटेपर्यंतच!

पायात घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट बरे. एंटरप्राइज बोटीत टो-स्ट्रॅपखाली पाय अडकवून बाहेर झुकावं लागतं. तिथे जाड बूट अडकून बसतो. तळवा मऊ आणि पांढरा हवा. काळ्या रबराच्या रेघा डेकवर उमटतात, त्या घासायच्या आपल्यालाच. बर्फावर न घसरणाऱ्या आपल्या कुत्र्याचे पंजे पाहून अमेरिकेच्या पॉल स्पेरींनी १९३५ मध्ये तळव्याला बारीक नागमोडी चिरा पाडल्या. तसा तळवा मिळाला तर उत्तमच, पण महाग ब्रँडची गरज नाही.

आई-बाबा, 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून एक नंबर मोठे मात्र घेऊ नका. आणि सर, किट लिस्टमध्ये ही एक जोडी वाढवता येईल का?