शिस्तीचा जुगारही जुगारच

भीमाशंकरच्या पायथ्याची, घोडेगाव-मंचरकडची आमची काही पोरं पुण्याच्या रेसकोर्सवर ‘तनाला’ लावतात. पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगायचे. दहा घोडे धावले तर शक्य क्रम ७२०, बरोबर एकच.

‘१९९६ साली सुप्रीम कोर्टानेच याला कौशल्य म्हटलंय,’ हे त्यांचं उत्तर. कायद्याने सूट दिली म्हणून मैसिर हलाल होत नाही. इस्लामला घोड्यांची शर्यत वर्ज्य नाही. त्यावर पैसा लावणं वर्ज्य आहे.

‘एका डावाला भांडवलाचे दोनच टक्के’ ही शिस्तही फसवी. जमलेल्या पैशातून क्लबचा वाटा आणि कर आधी कापतात, उरलेलं वाटतात. छोट्या डावांनी खिसा सावकाश रिकामा होतो, इतकंच. जिंकलात तरी ते पैसे हरलेल्याच्या घरातलेच.

दोस्तांनो, हिशेब इतका पक्का असेल, तर एकदा अम्मीसमोर मांडून दाखवा.