पत्त्याबरोबर वेळही सांगा



माझा भाचा जवळचे फूड ट्रक शोधून देणारी वेबसाइट बनवतोय. दुकानाचा पत्ता कायम असतो, ट्रकचा रोज बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली सुरू झालेला कोगीचा ट्रक आज कुठे उभा राहणार ते ट्विटरवर कळवायचा. लोक तिथे रांगा लावायचे.

मी कॉमर्सवाली. तारखेविना नोंद मला चालत नाही. ट्रकचं ठिकाण मालकाने किती वाजता कळवलं, हे नकाशावर दिसायलाच हवं. शिळी नोंद आपोआप निघून जावी. चौविहार पाळणारी एखादी सूर्यास्ताआधी धावतपळत पोहोचली आणि ट्रकच नसला, तर रात्रभर उपाशी राहील. कांदा-लसूण-बटाट्याविना काय मिळेल, तेही तिथेच कळावं.

फोटो नंतर टाका. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.