राग येतो तो, राग गातात तो आणि वीतरागातला राग



पाठशाळेतल्या मुलांना विचारून बघा, वीतराग म्हणजे कोण? आपल्या गेवराईची मुलं पटकन सांगतील, "ज्यांना कधीच राग येत नाही ते." मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. घरात मारवाडी, शाळेत मराठी आणि चातुर्मासात महाराजसाहेबांचं प्रवचन हिंदीत. "राग छोडो" असं वरून ऐकू आलं की मराठी कानाला त्यात आईचं ओरडणंच दिसतं. पण हा अर्थ आपल्यासारख्या मोठ्या बायकाही मनात धरून असतात, आणि त्याने घराघरांत नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आज हा एकच शब्द घेतला आहे.

राग हा संस्कृतातल्या 'रञ्ज्' धातूपासून आला. रंगणे, रंगवणे, लाल होणे हा त्याचा मूळ अर्थ. रंग, रक्त, रंजन, अनुराग, विराग, वैराग्य ही सगळी त्याच घरची माणसं. दारातली रांगोळीसुद्धा याच गोतावळ्यातली. पांढऱ्या कापडावर रंग चढावा तसं मनावर काहीतरी चढणं, म्हणजे राग.

गाण्यातला राग तिथूनच आला. ज्या स्वररचनेने ऐकणाऱ्याचं मन रंगतं तो राग, अशी फोड मतंगमुनींच्या 'बृहद्देशी' या जुन्या ग्रंथात आहे. नुसते सा-रे-ग-म ओळीने म्हटले तर राग होत नाही. कुठला स्वर घ्यायचा, कुठला सोडायचा, कुठे थांबायचं, चढताना कसं जायचं आणि उतरताना कसं यायचं हे ठरलं, आणि त्यातून मनाला एक विशिष्ट रंग आला, की त्याला यमन म्हणा, भूप म्हणा, भैरवी म्हणा.

या शब्दावरचं मोठं काम आपल्या मराठवाड्यातच झालं आहे. आपण संभाजीनगरला लग्नाचे बस्ते बांधायला जातो. तिथून थोडं पुढे गेलं की दौलताबादचा किल्ला, म्हणजे जुनी देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेव होते. त्यांचं घराणं काश्मीरमधून आलेलं. दरबारात ते हिशेबाच्या खात्याचे प्रमुख होते आणि त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांच्या या ग्रंथातला दुसरा अख्खा अध्याय रागांवर आहे, आणि त्यात २६४ राग मोजले आहेत. दिवसभर जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाने रागही मोजून ठेवले, हे वाचून मला फार आपलंसं वाटलं! आपल्या जैनांमध्येही दिगंबर परंपरेतल्या पार्श्वदेवांनी 'संगीतसमयसार' लिहिला आणि वाचनाचार्य सुधाकलशांनी १३५० मध्ये 'संगीतोपनिषत्सारोद्धार'. राग सोडा म्हणणाऱ्या परंपरेतल्या साधूंनी रागांची शास्त्रं लिहिली, आणि त्यांना त्यात काही अडचण वाटली नाही. श्वेतांबर परंपरेत तर भगवंतांची देशना मालकोश रागात होते असं सांगतात. वीतरागांच्या तोंडी राग! शब्दाचा अर्थ नीट कळला नाही तर हे वाक्य हास्यास्पद वाटेल.

आपल्या स्तवनांच्या वहीतही या शब्दाची खूण होती. आनंदघनजींच्या पदांच्या माथ्यावर रागाचं नाव असतं, आशावरी, सारंग वगैरे. आता आपल्या महिला मंडळाच्या पुस्तिकेत त्या जागी 'तर्ज' असं लिहून सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ असते. यावर काही जणी फार चिडतात. मी चिडत नाही. जुन्या रासकर्त्यांनीही त्या काळच्या लोकगीतांच्या चाली घेतल्या होत्या. त्यांना 'देशी' म्हणत, आणि मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ' मध्ये अशा देशींची भलीमोठी यादीच दिली आहे. माझं म्हणणं एवढंच, की चाल निवडताना ती मनाला कोणता रंग लावते ते बघा. नायक-नायिकेच्या पावसातल्या गाण्यावर पार्श्वनाथांचं स्तवन बसवलं की डोळ्यांपुढे पाऊसच येतो. असो.

आता मराठीकडे येऊ. हिंदीत, गुजरातीत राग म्हणजे एक तर गाण्यातला, नाही तर मनातली ओढ. संताप नाही. त्याला ते गुस्सा म्हणतात. मराठीत मात्र राग येतो, माणूस रागावतो, रागीट असतो. संतापाने चेहरा लाल होतो, डोळे लाल होतात, तोही रंगच. तेव्हा शब्द अगदीच परका झाला असं नाही. पण ओढ हा अर्थ रोजच्या बोलण्यातून गेला. 'रागलोभ' हा आपला शब्द घ्या. "आम्हाला कुणाचा रागलोभ नाही" म्हणतो तेव्हा राग म्हणजे नाराजी आणि लोभ म्हणजे माया. पत्राच्या शेवटी तर आपण 'लोभ असावा' अशी विनंतीच करत आलो! म्हणजे शास्त्र ज्याला राग म्हणतं त्याला मराठी लोभ म्हणते, आणि शास्त्र ज्याला द्वेषात घालतं त्याला मराठी राग म्हणते. पाट्याच उलट्या लागल्या आहेत.

खात्री करायची तर प्रतिक्रमणातली अठरा पापस्थानं मनात म्हणून बघा. सहावं क्रोध, सातवं मान, आठवं माया, नववं लोभ, दहावं राग, अकरावं द्वेष. राग म्हणजे क्रोधच असता तर एकच पाप दोनदा कशाला मोजलं असतं? आगमात तर स्पष्ट वाटणी आहे: माया आणि लोभ हे रागाच्या बाजूला, क्रोध आणि मान हे द्वेषाच्या बाजूला. (ही माया म्हणजे कपट, आईची माया नव्हे. मराठीने तिथेही घोळ घातलाच आहे.)

पहिल्या कर्मग्रंथातल्या उपमा मला फार आवडतात, कारण त्या आपल्या घरातल्या आहेत. तिथे क्रोधाला रेषेची उपमा आहे. पाण्यावरची रेष, वाळूतली रेष, जमिनीची भेग, डोंगराची भेग. लोभाला मात्र रंगाची. हळदीचा डाग, काजळीचा डाग, चिखलाचा डाग आणि सगळ्यात शेवटी किरमिजी रंग, जो कापड फाटेपर्यंत जात नाही. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. क्रोध तोडतो, राग चढतो. तुटलेलं लगेच दिसतं. चढलेला रंग मात्र ज्याच्यावर चढला त्याला आपला मूळचाच वाटतो.

गौतमस्वामींची कथा आपण दर दिवाळीला ऐकतो. इतके शांत, इतके विनयी, चार ज्ञानांचे धनी. त्यांनी दीक्षा दिलेल्यांना केवलज्ञान झालं, त्यांना होईना. अडत होतं ते क्रोधापाशी नव्हे, महावीरस्वामींवरच्या स्नेहापाशी. भगवंतांच्या निर्वाणानंतर ती गाठ सुटली आणि केवलज्ञान झालं. वीतराग म्हणजे न रागावणारा, एवढाच अर्थ असता तर गौतमस्वामी कधीच पोहोचले असते. गुणस्थानांच्या पायऱ्यांवरही क्रोध नवव्या पायरीवर संपतो, आणि दहाव्यावर सूक्ष्म लोभ उरलेलाच असतो.

मग यात नुकसान कुणाचं होतं? माझ्या मते बाईचं. धर्म म्हणजे राग सोडणं, राग म्हणजे संताप, आणि संताप मोजायचा तो घरातल्या सुनेचा. "एवढ्या अठाया केल्या पण राग काही गेला नाही हिचा" हे वाक्य तुम्ही कधी एखाद्या पुरुषाबद्दल ऐकलं आहे का? एक घर माझ्या पाहण्यातलं आहे. गाव सांगत नाही. सुनेच्या माहेरचे दागिने लग्नाच्या आठवड्यातच सासूबाईंच्या कपाटात गेले. बहिणीच्या लग्नाला तिने ते मागितले, एकदा हळू आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने मागितल्यावर सगळ्यांनी तिला समजावलं, की पर्युषण चालू आहे, राग बरा नव्हे. कपाटात जे बंद होतं त्याला शास्त्रात काय म्हणतात, हे त्या दिवशी तिथे कुणीच काढलं नाही. एका सामायिकाच्या आसनावर दोघी बसणार, आणि वीतरागांचं नाव घेऊन हातात आरसा मात्र एकीच्याच.

क्रोध चांगला असं मी म्हणत नाही. सहाव्या क्रमांकावर तो आहेच, आणि त्याचं प्रतिक्रमण तिनेही करावं. पण दहाव्या क्रमांकाचं कोण करणार? मुलगा पुण्याला नोकरीला गेला तरी त्याच्या स्वयंपाकघरात भाजी कुठली झाली हे रोज विचारायचं, घराच्या वाटणीत मुलीचं नाव आलं की गप्प व्हायचं, बोलीत शेजारणीपेक्षा एक आकडा पुढे जायचं, याला आवाज नसतो. कुणी "राग आला का?" म्हणून विचारत नाही. हेमचंद्राचार्यांच्या वीतरागस्तोत्रात तर कामराग आणि स्नेहराग यांच्यापेक्षाही दृष्टिराग सुटायला अवघड म्हटला आहे. म्हणजे आपलाच पंथ, आपलेच महाराज, आपलंच खरं. तो तर आपण हौसेने पुढच्या पिढीला देतो.

पाठशाळेत शिकवणाऱ्या ताईंना माझी विनंती आहे, की या चातुर्मासात मुलांना हा शब्द सांगताना फळ्यावर संतापलेला चेहरा काढू नका. हळदीत बुडवलेला पांढरा रुमाल घेऊन जा. त्यांनी शंका विचारली, की मग पेटीवर वाजतो तो राग कुठला, तर यमनाचे चार स्वर म्हणून दाखवा आणि मन कसं झालं ते त्यांनाच विचारा. मोठ्यांच्या वर्गात काय न्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. कपाटाची किल्ली नेली तर निम्म्या जणी उठून जातील.