वाल सोलायला कोण बसतंय?

मुलांना घरात गुंतवून ठेवायला पैसे लागत नाहीत, हे वाक्य अर्धंच खरं आहे. पैसे लागत नाहीत, पण मोठ्या माणसाचा वेळ लागतो, आणि पनवेलच्या घरांत नेमकी त्याचीच टंचाई असते. हार्बर लोकलने सीएसएमटी गाठायचं तर एका बाजूचा प्रवासच सव्वा-दीड तासाचा. परत आल्यावर स्वयंपाक, कपडे, उद्याच्या डब्याची तयारी. रायगड जिल्ह्याचा सरासरी पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे जून ते सप्टेंबर सोसायटीचं मैदान असून नसल्यासारखं. अशा घरातल्या आईबापांच्या हाती ‘मुलांसोबत करा या पंचवीस फुकट गोष्टी’ अशी यादी पडते तेव्हा त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम पडतं, एवढंच. तांदूळ रंगवा, कापूस चिकटवा, टिश्यू पेपरच्या नळ्यांचे प्राणी करा. (या नळ्या आपल्याकडे नक्की कुणाच्या घरी साठतात, हे एक कोडंच आहे.) तयारीला अर्धा तास, मूल रमतं दहा मिनिटं, आवराआवर पुन्हा अर्धा तास. शेवटी मोबाइल हातात दिला जातो, आणि त्यात नवल काहीच नाही. या याद्या एक गोष्ट गृहीत धरतात: मुलाला रमवणं हे घरातल्या कामांहून वेगळं, जादाचं काम आहे. मला हेच मान्य नाही. जे काम तसंही आपल्याला उरकायचंच आहे त्यात मुलाला खराखुरा वाटा दिला, तर रमवण्याचा बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

आपल्या भागात याचा उत्तम नमुना वालाच्या बिरड्यात आहे. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाणा धरून हलकं दाबलं की साल बोटांत राहते आणि डाळिंबी टुणकन बाहेर उडते. कधी ती वाटीत पडते, कधी थेट फ्रिजखाली जाते. चार वर्षांच्या मुलाला यातलं हे ‘टुणकन’च हवं असतं. एका वाटीत सालं, दुसरीत डाळिंब्या. मध्येच सालांच्या वाटीत एखादी डाळिंबी गेली तर ती शोधून परत आणायची. मोड तुटला तरी कुणी ओरडत नाही, कारण शिजल्यावर सगळं एकच. बालवाडीच्या फीमध्ये ज्या गोष्टींचे पैसे आपण मोजतो, म्हणजे बोटांची चिमट पक्की होणं, वस्तूंची वर्गवारी, मोजणी, एका जागी स्थिर बसणं, त्या सगळ्या इथे अर्ध्या तासात होऊन जातात. पेन्सिल धरायला जी चिमट लागते ती हीच. वर आणखी एक गोष्ट होते, जी कुठल्याही वर्कशीटला जमत नाही. मुलाने केलेलं काम रात्री सगळ्यांच्या ताटात वाढलं जातं.

मुलाला यात गोडी वाटते हा केवळ आईबापांचा भाबडेपणा नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक साधा प्रयोग मांडला. दीड वर्षाच्या 24 मुलांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालत होता आणि त्याच्या हातून चिमटा खाली पडत होता. चिमटा पडला आणि त्याचा हात तिथवर पोहोचेना, असं दिसलं की मुलं उठून तो उचलून देत. त्याने चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र ती सहसा जागची हलत नसत. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत मिळून 24 पैकी 22 मुलांनी किमान एकदा तरी मदत केली. ना कुणी सांगितलं होतं, ना शाबासकी होती. दोन वर्षांनी याच दोघांनी वीस महिन्यांच्या मुलांवर दुसरा प्रयोग केला आणि त्यात आढळलं, की मदतीच्या बदल्यात बक्षीस मिळालेली मुलं पुढे मदत करायला कमी सरसावतात. तेव्हा मोज्यांच्या जोड्या लावल्याबद्दल चॉकलेट देऊ नये. जोडी लागली, हे त्याला पुरेसं असतं. बाल्कनीत दोरीशी उभं राहून एकेक चिमटा वर देणारं मूल आपल्या पायात येतंय असं आपल्याला वाटतं. त्याच्या लेखी ते कामावर असतं.

मारिया मॉन्टेसरीबाईंना हे त्याआधी शंभर वर्षं दिसलं होतं. 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं, तेव्हा तिथे ठेवलेल्या बाहुल्या आणि खेळण्यांकडे मुलं फारशी फिरकली नाहीत. ओतणं, पुसणं, लावून ठेवणं अशा खऱ्या कामांत मात्र रंगून गेली. महाराष्ट्रात हा विचार रुजवला ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांसोबत 1926 साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 साली अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि मग काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी पद्धतीची महाग साधनं तिथल्या आदिवासी पाड्यांवर कुठून येणार? तेव्हा समुद्रावरचे शिंपले, खडे, पानं, बिया, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी शाळा पाड्यातल्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेलं. म्हणजे ज्या ‘फुकट साधनां’चं आज यादीवाल्यांना इतकं अप्रूप आहे, त्यांचं शास्त्र आपल्याच राज्यात, पनवेलहून काही तासांच्या अंतरावर, ऐंशी वर्षांपूर्वी तयार झालं. आपण मात्र खेळण्यांनी भरलेलं कपाट हीच मुलाच्या सुखाची खूण मानत आलो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाने 2018 साली 36 लहान मुलांचा खेळ तपासला, तो अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. समोर 16 ऐवजी 4 खेळणी असली की मुलं एकाच खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळत होती. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण कपाट उघडताच पाच मिनिटांत ‘कंटाळा आला’ म्हणणारं मूल ज्यांनी पाहिलंय त्यांना हा निष्कर्ष पटायला हरकत नसावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मूल मध्ये आलं की वीस मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागतात. लागतातच, नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. मुलाला आधी वेगळं रमवायचं आणि मग काम करायचं, याची बेरीजही तेवढीच होते, बहुधा जास्तच. शिवाय सगळं काम त्याच्या हाती द्यायचंच नसतं. किलोभर मटारातली मूठभर शेंग त्याची, बाकी आपली. हात रिकामे नसतील तेव्हा तोंडाने खेळायचे खेळ आहेतच. पोळ्या लाटता लाटता भेंड्या होतात, कोडी घालता येतात, नाव-गाव-फळ-फूल कागदाशिवाय खेळता येतं. तव्यापासून मूल चार हात लांब बसलेलं असतं आणि तरी संभाषणात असतं. आजी-आजोबा घरात असतील तर फारच छान. कळंबोली-कामोठ्यातल्या कित्येक घरांत सातारा-सांगलीकडची आजी येऊन-जाऊन असते, पनवेलच्या जुन्या गावठाणांत आगरी बोलणारी आजी असते. दोघींच्या गोष्टी निराळ्या, शिव्याही निराळ्या. नातवाने दोन्ही ऐकाव्यात. गोष्टी तरी नक्कीच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: ही शेवटी मुलींना लहानपणापासून चुलीशी बांधायची जुनीच युक्ती नाही का? भातुकली तिची आणि बॅट त्याची, ही वाटणी अजून संपलेली नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि जे पुरुष करतात ते 97 मिनिटं. मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारातला एक. ही तफावत चाळिशीत अचानक उगवत नाही. वाल सोलायला कुणाला हाक मारली जाते तिथपासून ती सुरू होते. म्हणून माझं म्हणणं मागे घेण्याऐवजी मी त्याला एक अट जोडेन. घरात मुलगा असेल तर त्याला आधी बसवावं, आणि त्याच्या शेजारी बाबांनीही बसावं, कारण या वयात मूल सांगण्यातून कमी आणि नक्कल करून जास्त शिकतं. आई सोलते आणि बाबा शेजारी मोबाइल बघत बसतात, हे चित्र मुलाला दिसत असेल तर तेही तो शिकतोच.

‘मग ही बालमजुरी का नाही?’ असंही विचारलं जातं. उत्तर सोपं आहे: त्याला उठून जाता आलं पाहिजे. सात डाळिंब्या सोलून तो पळाला तर सात मिळाल्या. उरलेल्या सालांना पाण्यात ढकलून तो होड्यांचं बंदर करत बसला तर तो त्याचा खेळ, त्यात आपण पडू नये. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती वाल, शेंगदाणे, चिंचोके, बटणं देऊच नयेत, श्वासनलिकेत अडकतात. त्या वयाला डबे आणि त्यांची झाकणं जुळवणं, मेथीची पानं खुडणं, मोज्यांच्या जोड्या लावणं ही कामं बरी. थोडा मोठा असला तरी कच्चा वाल तोंडात जाऊ द्यायचा नाही. पाण्याने भरलेली बादली आणि एकटं मूल ही जोडी क्षणभरही ठेवायची नाही. बुडायला वीतभर पाणीही पुरतं.

राहिला मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून 1 तासापेक्षा जास्त वेळ स्क्रीनपुढे बसू नये, कमी असेल तर उत्तम. आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी. दमून आलेल्या आईने वीस मिनिटं कार्टून लावलं म्हणून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं कारण नाही. कठीण आहे ते दुसरं, 180 मिनिटांचं. पाचशे चौरस फुटांच्या घरात, धो-धो पावसात, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे कान सांभाळून मुलाने धावायचं कुठे? फरशी पुसायला दिलेलं फडकं, वाळलेल्या कपड्यांचा ढीग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्याच्या फेऱ्या, गाद्यांच्या घड्या, पाय न वाजवता मांजरीसारखं चालण्याची पैज, याने काही मिनिटं भरून निघतात. सगळी नाही. घराच्या भिंती इथे आडव्या येतातच, आणि एकट्या आईबापांच्या कल्पकतेवर हा भार टाकणं अन्यायाचं आहे.

म्हणून शेवटचा मुद्दा घराच्या उंबऱ्याबाहेरचा. मोठी आणि लहान माणसं एकत्र राबतात असं एक फुकट काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: दिवाळीचा किल्ला. माती, विटांचे तुकडे, जुनं गोणपाट, आणि चार-पाच दिवस आधी पेरलेले अळीव. सगळे रायगड नाहीतर प्रतापगड करतात. महामार्गावरून जाताना अंगठ्यासारखा सुळका दाखवणारा आपला कर्नाळा फारसा कुणी करत नाही, खरं तर एक उभा दगड रोवला की तो निम्मा झालाच. पण खारघर-कामोठ्याच्या कितीतरी सोसायट्यांत पेव्हर ब्लॉकवर माती सांडते म्हणून किल्ल्याला मनाई असते. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्याच लागतात, दिवाळी त्यानंतर येते. पार्किंग, पाण्याची टाकी आणि थकबाकी यांच्यासोबत सहा बाय सहा फुटांचा एक कोपरा, पंधरा दिवसांसाठी, आणि नंतर माती उचलायची जबाबदारी पालकांची, असा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.