अंजनेरीला पायीच जाऊ द्या

सिंहस्थ जवळ आला की नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात कामांची घाई सुटते. 2027 च्या पर्वणीसाठी रस्ते, घाट, वाहनतळ होणारच, त्याला कुणाची ना नाही. मागणं एवढंच आहे की अंजनेरीच्या माथ्याला त्यातून वगळा. गडावर गाडी नेणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव येऊन गेला, मग केंद्राच्या पर्वतमाला योजनेतून ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेची आखणी झाली. कारण एकच, भक्तांची सोय. मारुतीरायाचं जन्मस्थान मानलेल्या डोंगरावर चालायला नको, हे अंजनीच्या लेकराला तरी पटेल का?

नाशिकहून त्र्यंबक रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर, डावीकडच्या कड्याखाली अंजनेरी गाव आहे. यादवकाळातल्या मंदिरांचे अवशेष, नाणेशास्त्राची संशोधन संस्था, भाताची खाचरं, सगळं शेजारी शेजारी. गावामागून पायऱ्यांची वाट खिंडीतून पठारावर चढते. तिथे अंजनीमातेचं देऊळ आहे, तळं आहे आणि पावसाळ्यात बोटभर मातीत उगवणारं कंदीलपुष्प आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही त्याची जात 2006 मध्ये याच डोंगरावरून जगापुढे आली. फुलाच्या नळीत आत वळलेले केस असतात. चिमुकली माशी आत शिरते, अडकते. केस सुकले की परागकण अंगावर घेऊन सुटते. एवढा नाजूक कारभार जेसीबीच्या एका फेरीत संपेल. कड्याच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. डायक्लोफिनॅक दिलेल्या मेल्या जनावरांचं मांस खाऊन देशभर गिधाडं मेली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. उरलीसुरली आता सुरुंगाच्या धडाक्यानं उडवायची?

गावाचा फायदा होईल, असं सांगतात. कसा? पायऱ्या उतरून दमलेला माणूस गावात टेकतो, चहा-सरबत घेतो, भाजलेलं कणीस खातो. गाडी थेट वर गेली तर ती गावात थांबेल कशाला? आणि रोपवेचा प्रवासी ब्रह्मगिरीकडून येऊन तिकडेच परतेल. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी पायथ्याला मारुतीचं देऊळ आहेच. चढणाऱ्यांसाठी वाटेत प्यायचं पाणी, मोडक्या पायऱ्यांची डागडुजी आणि स्वच्छतागृह द्या. खरी सोय ती.

अंजनेरी 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वन्यजीव कायद्यानुसार अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. गावकऱ्यांनो, ती जागा रिकामी किंवा गप्प राहू देऊ नका. माथ्यावर रस्ता नको, रोपवे नको, असा ठराव ग्रामसभेत घ्या, वनविभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. नाशिककरांनो, तुम्ही त्याला लेखी पाठिंबा द्या. श्रावणात चढाल तेव्हा वाट सोडून पठार तुडवू नका, रिकाम्या बाटल्या पिशवीतून खाली आणा. वनखात्याची हरकतींसाठी नोटीस निघाली तर मुदतीच्या आत हरकत नोंदवा. मुदतीनंतर कितीही मोर्चे काढले तरी फाईल पुढे सरकलेली असते.